‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्या लेकीला काय सांगू?

प्रश्न : आमचं गाव नगरपंचायतीचं. माझं औषधाचं दुकान आहे. दुकानापुढच्या रस्त्यासाठी दोनदा नारळ फुटला, फलक लागला, डांबर पडलं आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. माझी मुलगी वीस वर्षांची आहे. ती म्हणते, “आई, सगळे सारखेच. आज या पक्षात, उद्या त्या. मी मत द्यायला जाणार नाही, गेलेच तर नोटा दाबीन.” तिचे बाबा एका पक्षाचे कट्टर कार्यकर्ते. त्यांच्या नेत्याबद्दल वावगा शब्द काढायची सोय नाही. रोज जेवताना वाद, आणि घरच्या ग्रुपवर व्हिडिओंचा मारा. खरं सांगायचं तर मला मुलीचंच पटतं, पण आई म्हणून तिला तसं सांगायला जीभ रेटत नाही. कोण प्रामाणिक आणि कोण नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं तरी कसं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मुलीचं म्हणणं खोडून काढायला जाऊ नका, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. जानेवारी 2022 मध्ये गोव्यात काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. त्यातले 11 निवडून आले आणि सप्टेंबरात 8 जण भाजपमध्ये गेले. आठच का, तर 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदारांनी आमदारकी न गमावता फुटण्याची जी सवलत होती ती 2003 च्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. दोन तृतीयांशांनी मिळून दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट तेवढी उरली. 11 चे दोन तृतीयांश भरायला 8 लागतात. आपल्याकडे 2022 मध्ये शिवसेना आणि 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. 2019 ला ज्यांच्या विरोधात म्हणून मत दिलं, त्यांच्याच मांडीला मांडी लावून आपला आमदार बसलेला कितीतरी मतदारांनी पाहिला.

एवढं पाहिलेल्या मुलीला ‘विश्वास ठेव’ म्हणणं अन्यायाचं होईल. तिला संशयच घ्यायला सांगा, फक्त नेमका घ्यायला सांगा. ‘सगळे चोर’ या वाक्याचा सर्वांत जास्त फायदा कुणाला होतो, हेही तिला विचारा. ज्याने खरोखर पैसे खाल्ले त्यालाच. त्याचं नाव त्या वाक्यात वेगळं निघत नाही. आणि ज्या नगरसेविकेने ठेकेदाराचं बिल अडवून धरलं, तिलाही तेच विशेषण लागतं. मग पुढच्या वेळी तिने बिल का अडवावं? लोकांना दोघांत फरक करता येत नसेल, तर प्रामाणिक राहण्यात तोटाच तोटा आहे. आम्हाला या वृत्तीची खरी काळजी वाटते ती यासाठी.

राजकारणी सगळे एकत्र आले की आपलं काही चालत नाही, असंही ती म्हणेल. तिला उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्राची हकिगत सांगा. अहमदाबादच्या आयआयएममधले काही प्राध्यापक 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मागणी साधी होती : उमेदवारावर कोणते गुन्हे आहेत, मालमत्ता किती आणि शिक्षण काय, हे मतदाराला कळावं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2002 मध्ये ती मान्य केली. तेव्हा मात्र पक्ष खरोखरच ‘सारखे’ निघाले. सर्वपक्षीय बैठक झाली, कायद्यात दुरुस्ती करून त्या निकालाची धार बोथट करण्यात आली. न्यायालयाने 13 मार्च 2003 रोजी ती दुरुस्तीच रद्द केली. सगळे पक्ष एका बाजूला होते आणि तरी ते हरले. आज प्रत्येक उमेदवाराला ही माहिती द्यावी लागते ती त्यामुळे.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ, कारण मुलीचा सगळा राग तिथूनच निघतो आहे आणि उत्तरही तिथेच मिळेल.

रस्त्याचं काम म्हणजे कागदांची एक साखळी असते. आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, मग निविदा, कार्यारंभ आदेश (ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात), काम चालू असताना झालेल्या कामाची मापं लिहायची मोजमाप पुस्तिका म्हणजे एम.बी., तिच्यावरून देयक म्हणजे बिल, शेवटी पूर्णत्वाचा दाखला. त्यानंतर दोषदायित्व कालावधी सुरू होतो, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. नारळ यातल्या कुठल्याही टप्प्यावर फुटू शकतो, नुसत्या प्रशासकीय मान्यतेवरसुद्धा. म्हणून ‘रस्ता मंजूर झाला’ असं कुणी भाषणात म्हणालं तर ते खोटं असतंच असं नाही, पण रस्ता होईल याची ती खात्री नाही. वर्क ऑर्डरची तारीख आणि क्रमांक विचारा. तो ज्याला सांगता येतो, त्याचं बोलणं तपासण्याजोगं आहे.

पहिलं काम, रस्ता कुणाचा हे शोधा. नगरपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा? निम्मी भांडणं या एका गोष्टीमुळे भलत्या माणसाशी होतात. बाजारपेठेतून जाणारा रस्ता बऱ्याचदा बांधकाम विभागाच्या ताब्यात असतो आणि शिव्या नगरसेवक खातो. दुसरं, पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यातून आला ते पाहा : नगरोत्थान, जिल्हा नियोजन, आमदार निधी की वित्त आयोग. प्रशासकीय मान्यतेच्या पत्रात ते लिहिलेलं असतं. फलकावर फोटो कुणाचा आहे आणि पैसा कुठला आहे, याची सांगड तिथेच लागते.

नारळ दोनदा का फुटला, याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे एकाच कामाचं श्रेय दोन गटांनी घेतलं. ते हलकेपणाचं असेल, पण पैशाचा घोळ नव्हे. दुसरं म्हणजे त्याच तुकड्यावर दोन कामं दाखवली गेली, आणि हे गंभीर आहे. दोन्ही मान्यतांमधलं कामाचं नाव आणि साखळी क्रमांक, म्हणजे रस्ता कितव्या मीटरपासून कितव्या मीटरपर्यंत, शेजारी ठेवून पाहिलं की उलगडा होतो.

सर्वांत जास्त बोलते ती मोजमाप पुस्तिका. समजा, तिच्यात 200 मीटर लांबी, 4 मीटर रुंदी आणि 50 मिलिमीटर जाडी लिहिली आहे. म्हणजे 40 घनमीटर डांबरी मालाचे पैसे निघाले. आता रस्त्याची जिथे कड तुटली आहे तिथे पट्टी लावून तीन-चार ठिकाणी थराची जाडी मोजा आणि फोटो काढा. ती 30 मिलिमीटर भरली, तर माल 24 घनमीटरच पडला. 16 घनमीटरचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा. लांबी-रुंदी सहसा बरोबर असते, कारण ती कुणीही टेपने मोजू शकतो. गफलत होते ती जाडीत आणि खालच्या थरांत. मात्र एक इशारा : पावसात खडी वर येण्याचं कारण दरवेळी चोरीच असतं असं नाही. बाजूला गटार नसेल आणि पाणी रस्त्यावर साचत असेल, तर नीट केलेलं डांबरही सुटतं. अंदाजपत्रकात गटार धरलं होतं का, तेही बघा. निविदा अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दराने गेली असेल तर तिथेही थांबा. इतक्या कमी पैशात काम टिकाऊ होणं अवघड असतं, म्हणूनच अशा ठेकेदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेण्याचा नियम आहे.

ही फाईल पाहायला लगेच अर्ज करण्याची गरज नाही. राज्य सरकारच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतसुद्धा, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फार थोड्यांना हे ठाऊक आहे, आणि काही कार्यालयांतल्या लोकांनाही ते माहीत नसतं. परिपत्रकाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा.

तरीही दाखवलं नाही, किंवा सही-शिक्क्याच्या प्रती हव्या असतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘जोडपत्र अ’चा नमुना आणि 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प एवढंच लागतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. अर्ज फसतात ते इथे. माणूस रागात लिहितो, “रस्ता एवढा निकृष्ट का झाला? याला जबाबदार कोण?” कार्यालयात आहेत ते कागद देण्याचं बंधन माहिती अधिकाऱ्यावर असतं, कारणमीमांसा करण्याचं किंवा मत देण्याचं नाही, आणि तो नेमकं तसंच कळवतो. ‘का’ वगळा आणि कागदाचं नाव लिहा : अमुक कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, अंदाजपत्रकाची, कार्यारंभ आदेशाची, मोजमाप पुस्तिकेतल्या संबंधित पानांची, अंतिम देयकाची, गुणवत्ता चाचणी अहवालाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेलं निविदेतलं पान. प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. कोणाचीही खासगी माहिती मागू नका, त्या एका ओळीपायी सगळा अर्ज लटकतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

उत्तराची मुदत 30 दिवस. ते आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. बरीच माहिती या टप्प्यावर हातात पडते. दुसरं अपील 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे; तिथे मात्र फार काळ जातो, म्हणून पहिलं अपील निष्काळजीपणे लिहू नका. कोणता मुद्दा दिला आणि कोणता दिला नाही, हे क्रमांकाने मांडा.

आणि या सगळ्याचं करायचं काय? दोषदायित्व कालावधी चालू असेल, तर रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो आणि तोवर त्याची सुरक्षा ठेव परत करायची नसते. मुख्याधिकाऱ्यांना एक पानी पत्र द्या : कामाचं नाव, वर्क ऑर्डर क्रमांक, कालावधी संपण्याची तारीख, फोटो, आणि ‘दुरुस्ती होईपर्यंत ठेव परत करू नये’ ही मागणी. आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. रस्त्याकडेच्या दहा-बारा दुकानदारांच्या सह्या असतील तर फारच उत्तम, एकट्याच्या अर्जावर दबाव आणणं सोपं असतं. नगरसेवकाचा प्रामाणिकपणाही इथेच दिसेल. तो तुमच्या पत्रावर सही करतो की तुमच्याऐवजी ठेकेदाराला फोन करतो, यावरून त्याची पारख करा. भाषण ऐकून ती होणार नाही.

मोठ्या घोषणांनाही हीच रीत लावायची. राज्याच्या अर्थसंकल्पात एखाद्या योजनेपुढे तीन आकडे सापडतात : यंदाचा अंदाज, गेल्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि त्याच्या आदल्या वर्षी झालेला प्रत्यक्ष खर्च. घोषणा पहिल्या आकड्याची होते. मुलीला तिसरा शोधायला सांगा. चालू वर्षात किती रक्कम वितरित झाली, ते वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर दिसतं.

उमेदवाराविषयी विचारलंत. विधानसभा-लोकसभेचा उमेदवार ‘नमुना 26’ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. नगरपंचायतीच्या उमेदवारांचं शपथपत्र राज्य निवडणूक आयोगाकडे असतं. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत. बातमीत येतात ते दोनच आकडे, एकूण मालमत्ता आणि गुन्ह्यांची संख्या. दोन्ही दिशाभूल करू शकतात. जमिनीचे भाव वाढले की काहीही न करता मालमत्ता दुप्पट होते. म्हणून बेरीज बाजूला ठेवा आणि स्थावर मालमत्तेचा तक्ता वाचा : वारसाने आलेली की स्वतः घेतलेली, कधी घेतली, त्या वेळची किंमत काय. मग पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतलं उत्पन्न शेजारी ठेवा. वर्षाला आठ लाख दाखवणाऱ्याने पदावर असताना दोन कोटींची जमीन घेतली असेल आणि कर्जाच्या रकान्यात काहीच नसेल, तर ‘पैसे कुठून आणले’ हा अगदी रास्त प्रश्न आहे. पत्नी आणि अवलंबितांचे रकाने वगळू नका. गुन्ह्यांतही कलमं वाचा. दूधदरासाठी रस्ता रोखल्याचे, जमावबंदी मोडल्याचे बारा गुन्हे एका बाजूला आणि खंडणीचा किंवा बाईवरच्या अत्याचाराचा एकच गुन्हा दुसऱ्या बाजूला, यांची तुलना संख्येने होत नाही. गुन्हा दाखल होणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हेही ध्यानात असू द्या. फेब्रुवारी 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, गुन्हे असलेला उमेदवार का निवडला आणि स्वच्छ माणूस का मिळाला नाही, हे पक्षाला जाहीर करावं लागतं. नुसतं ‘निवडून येईल’ हे कारण चालत नाही. ती कारणं मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. बरीच मोघम असतात, आणि त्याचा जाब पक्षाला विचारता येतो.

नोटाबद्दल तिला स्पष्ट कल्पना द्या. 2013 मध्ये ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय आला. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता, निकालावर कायद्याने काहीही परिणाम झाला नाही. विधानसभा-लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर 2018 मध्ये वेगळा आदेश काढला : नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. म्हणजे नोटाला थोडंफार वजन आहे ते नगरपंचायतीत. आणि घरी बसण्याला तेवढंही नाही. 2024 च्या लोकसभेत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल 48 मतांनी लागला. एका सोसायटीत त्याहून जास्त लोक घरी बसलेले असतात.

एक गोष्ट कडवट वाटेल, पण सांगायला हवी. आपण आमदाराला मोजतो ते लग्नातल्या, दशक्रियेतल्या आणि वास्तुशांतीतल्या हजेरीवर, मंडळाला दिलेल्या वर्गणीवर, पोराच्या बदलीसाठी केलेल्या फोनवर. त्याचं मुख्य काम विधिमंडळात आहे : तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्थसंकल्पावरची चर्चा. त्याने अधिवेशनात काय विचारलं, हे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतं आणि आपण कधी उघडून पाहत नाही. जो अभ्यास करून प्रश्न मांडतो आणि त्यापायी दोन लग्नं चुकवतो, त्याला आपणच ‘निवडून आल्यावर फिरकला नाही’ म्हणून पाडतो. वर्गणीचे पैसे तो पगारातून देत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असतं.

राहिले मुलीचे बाबा. ‘तुमचा नेता चोर आहे’ असं म्हटलं की वाद माणसाच्या इभ्रतीवर जातो आणि तिथून परत येत नाही. जेवताना एक पथ्य पाळून बघा : जो प्रश्न त्यांच्या पक्षाला, तोच जसाच्या तसा विरोधकांना. आणि प्रत्येकाने आपल्या आवडत्या पक्षाची एक चूक आधी सांगायची. पहिले दोन दिवस शांतता पसरेल, पसरू द्या. ग्रुपवरच्या व्हिडिओबाबत मुलीने तीन गोष्टी पाहाव्यात : तारीख कोणती, पूर्ण भाषण कुठे आहे, आणि कापलेल्या तुकड्याच्या आधीचं-नंतरचं मिनिट काय सांगतं. पडद्याचं छायाचित्र (स्क्रीनशॉट) गूगल लेन्सवर टाकलं की जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरतोय का ते बहुधा कळतं. चुकीचा निघाला तर बाबांना ग्रुपवर सर्वांदेखत न उघडं पाडता वेगळा निरोप पाठवावा. सर्वांसमोर मान खाली घालायला लावलेला माणूस खरं कळूनही माघार घेत नाही.

शिवाय ते कार्यकर्ते आहेत ही तुमच्या घराची ताकद आहे. बांधकाम विभागात फाईल कोणत्या टेबलावर असते आणि कनिष्ठ अभियंता केव्हा जागेवर सापडतो, हे त्यांच्याइतकं तुम्हा दोघींना माहीत नसणार. त्यांना पक्षाविरुद्ध उभं राहायला सांगू नका, रस्त्यासाठी सोबत यायला सांगा. येत्या सोमवारी अडीच वाजता तिघं मिळून निघा. बरोबर टेप, वही, ओळखपत्र, परिपत्रकाची प्रत आणि आधीच भरून ठेवलेला ‘जोडपत्र अ’चा अर्ज 10 रुपयांच्या स्टॅम्पसकट असू द्या. फाईल ‘साहेबांकडे आहे’ असं उत्तर मिळालं, तर तो अर्ज तिथेच आवक-जावक खिडकीवर द्या आणि पोच घ्या.